तबकडी भंगारात देण्याआधी

नारायणगावजवळच्या एका मळ्यातल्या घरात लोखंडी ट्रंक होती. तिच्यात ऐंशीएक सीडी आणि व्हीसीडी. काकड्याची भजनं, भारुडं आणि सगळ्यांत जास्त तमाशातले वग. घरातल्या थोरल्यांनी यात्रेतून, एसटी स्टँडवरच्या टपरीवरून एकेक करून आणलेल्या. २०१४ साली त्या घरात नेटला जोडता येणारा डिस्क प्लेअर आला. ट्रंकेतलं सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि पुढच्याच आठवड्यात तबकड्या भंगारवाल्याच्या गाडीवर गेल्या. आज तो प्लेअर बंद आहे आणि पेनड्राइव्हवरचे तेरा वग मध्येच तुटतात.

ते घर प्रस्तुत लेखकाचं. तिथं जे चुकलं ते दुसऱ्या घरी टळावं, म्हणून हा खटाटोप.

नुकसान किती मोठं, हे या भागाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. नारायणगाव म्हणजे तमाशापंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या विठाबाईही इथल्याच. अशा मुलखात वगाची व्हीसीडी घराघरांत असणं नवल नव्हतं. त्यातल्या बऱ्याच छोट्या कंपन्यांनी काढलेल्या. आज त्या नेटवर शोधूनही सापडत नाहीत.

पहिली चूक घाईची. तालुक्यातल्या एका दुकानात सगळ्या तबकड्या एका रात्रीत उतरवून घेतल्या आणि एकही शेवटपर्यंत ऐकून पाहिली नाही. पुढं एका संध्याकाळी वडील वग ऐकत बसले, रंगबाजी संपून वगाला तोंड फुटलं आणि आवाज थांबला. “पुढचं कुठं गेलं?” या त्यांच्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

कारण साधं होतं. व्हीसीडीवर जास्त चित्र-आवाज मावावा म्हणून, संगणकाच्या माहितीसाठीच्या सीडीवर असतो तो चूक सुधारणारा एक जादा थर गाळलेला असतो. त्यामुळे तिथं ओरखडा जास्त महागात पडतो. साधं कॉपी-पेस्ट अशा जागी अडकतं. पुन्हा पुन्हा वाचून शक्य तेवढं काढणारा ‘आयसोबस्टर’सारखा प्रोग्रॅम वापरला, तर बराच भाग हाती लागतो. गाण्यांच्या सीडीसाठी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ आहे. वाचताना शंका आली की तो तीच जागा परत वाचतो आणि कुठं बिघडलं ते सांगतो. त्याआधी तबकडी मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसली तर नवे ओरखडे गाण्याच्या रेषेतच पडतात.

दुसरी चूक जागा वाचवण्याची. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद असते, प्रत्येक नोंद १६ बिटची, दोन वाहिन्यांची. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. दुकानदारानं १२८ किलोबिटची एमपी३ करून दिली, म्हणजे अकरावा हिस्सा उरला. मोबाइलवर ते खपून जातं. मोठ्या स्पीकरवर मात्र झांज आणि तुणतुण्याचा वरचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो, आणि गेलेलं काहीही परत भरता येत नाही. म्हणून मूळ प्रत ‘फ्लॅक’मध्ये ठेवावी. तीत काहीच गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. मोबाइलसाठी एमपी३ हवी तर ती या प्रतीवरून केव्हाही करता येते. व्हीसीडीची मात्र आहे तशीच फाइल जपावी.

पेनड्राइव्ह प्लेअरला लावताना दोन अडचणी हटकून येतात. बरेच जुने प्लेअर फक्त ‘फॅट३२’ पद्धतीचा पेनड्राइव्ह ओळखतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. दुसरी म्हणजे देवनागरी नावांच्या जागी पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. त्यामुळे फाइलींना ०१, ०२ असे आकडे देऊन रोमन लिपीत नावं द्यावीत आणि मराठी यादी वहीत लिहून ठेवावी. सगळ्याची मूळ प्रत हार्ड डिस्कवर असावी, दुसरी प्रत दुसऱ्या घरी.

नेटची गोष्ट वेगळी. २०१४ साली घेतलेल्या त्या प्लेअरच्या रिमोटवर ऑनलाइन गाण्यांचं बटण होतं आणि खरेदी त्यावरच भाळून झाली होती. चौथ्या वर्षी ते बटण दाबलं की नुसता कोरा पडदा यायला लागला. दुरुस्ती करणाऱ्यानं तपासून सांगितलं, की यंत्र ठणठणीत आहे, पलीकडची सेवाच संपली आहे. असं जगभर होतं. २०१५ मध्ये यूट्यूबनं आपली जुनी व्यवस्था बदलली, तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या कितीतरी टीव्हींवरचं आणि ब्लू-रे प्लेअरवरचं यूट्यूब कायमचं थांबलं. विंक म्युझिक ही गाण्यांची सेवा २०२४ मध्ये बंद झाली. तबकडी फिरवणारं यंत्र पंधरा वर्षं टिकू शकतं, त्यातलं नेटचं ॲप तेवढं टिकत नाही. म्हणून प्लेअर घ्यावा तो तबकडीसाठी आणि नेटसाठी टीव्हीला लावायची स्वस्त स्टिक वेगळी घ्यावी. ती जुनी झाली तर तेवढीच बदलता येते.

दुकानात जाण्याआधी घरच्या ॲम्प्लिफायरची मागची बाजू बघावी. तिथं फक्त लाल-पांढऱ्या पिना असतील आणि नव्या प्लेअरला फक्त एचडीएमआय असेल, तर दोन्ही जुळणार नाहीत. ऑप्टिकल वायर लावूनही आवाज येत नसेल, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर ठेवावा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.

आता वळवाची गोष्ट. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या, परिसरात पसरलेल्या ३० अँटेना दूरच्या आकाशगंगांच्या रेडिओलहरी टिपतात. त्याच तालुक्यातल्या या घरात चुलतभावाकडच्या राउटरचं वाय-फाय दगडी भिंत ओलांडून माजघरात पोचत नव्हतं. उपाय म्हणून त्याच्या घरातल्या राउटरपासून अंगणातून, विजेच्या खांबालगत, उघडी लॅन केबल ओढली. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चांगली चालते, हे खरंच. पण मे महिन्यात वळीव आला, जवळच वीज पडली आणि प्लेअर व राउटर एका क्षणात गेले. प्लेअरचा मेनचा प्लग काढलेला होता, लॅनची वायर तशीच राहिली होती. तांब्याची तार दोन घरांमध्ये उघड्यावरून नेऊ नये. न्यायचीच असेल तर फायबर न्यावी, आणि ढग गडगडायला लागले की प्लग, लॅन आणि डिशची वायर, तिन्ही काढाव्यात. शेतीपंपांमुळे विजेचा दाब खाली-वर होतो, त्यासाठी स्टॅबिलायझर लागतोच.

डेटाचा हिशेबही आधीच करावा. १२८ किलोबिटनं तासभर गाणी ऐकली तर सुमारे ५८ एमबी जातात, ३२० किलोबिटनं १४४ एमबी. गाणी रोज चार तास लागणाऱ्या घरात दुसऱ्या दरानं महिन्याला १७ जीबी होतात. घरातल्या सीडीला यातलं काही लागत नाही.

जुन्नर-आंबेगावातल्या ज्या घरांत अशी ट्रंक अजून आहे, त्यांनी ती यंदाच्या पावसाळ्याआधी उघडावी. तबकड्या पुसून, उतरवून, प्रत्येक फाइल शेवटपर्यंत ऐकावी आणि त्यानंतरही तबकड्या उभ्या रचून कोरड्या जागी ठेवाव्यात. त्या तेरा वगांपैकी चार पुढं घोडेगावला मावशीच्या घरी मिळाले. मावशीनं तबकड्या पिठाच्या रिकाम्या डब्यात जपल्या होत्या. उरलेले नऊ अजून सापडलेले नाहीत.