हाडाला मुदत, सांध्याला हालचाल

मुक्ता, सोमवारपासून तू तालुक्याच्या दवाखान्यात रुजू होणार. कॉलेजात तुझ्याकडून प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कुठली नस त्याला जाते, सगळं घोटून घेतलं असेल. ते विसरायचं नाही. पण पेशंट त्या भाषेत बोलत नाही. तो म्हणणार, "शिरेवर शीर चढलीय," "गुडघ्यातलं वंगण संपलंय," "मणक्यात गॅप पडलीय." हसू नकोस, आणि लगेच मास्तरकीही करू नकोस. शिरेवर शीर म्हणजे बहुतेक वेळा आखडलेला स्नायू. कळ थेट पावलापर्यंत उतरत असेल, बोटं बधिर होत असतील, तर मात्र खरोखरच नसेचं प्रकरण असू शकतं. कुठं दुखतं ते त्याला हाताने दाखवायला सांग. एक बोट एका जागी टेकवलं तर दुखणं बहुधा तिथलंच. सगळा तळवा मांडीवरून फिरवला तर ते दुसरीकडून आलंय का, ते शोध. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाचा खुबा तपासल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. लहान पोरांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आता खरं सांगायचं ते. हाड मुदत मागतं, सांधा हालचाल मागतो आणि स्नायू ओझं मागतो. एकाच हातापायात या तिन्ही मागण्या एकदम येतात आणि एकमेकींच्या आड येतात. आपलं काम म्हणजे या तिघांत रोज तडजोड घडवणं.

मनगटाचं हाड घे. म्हातारी न्हाणीत घसरते, हात टेकवते, मनगट मोडतं. अब्राहम कॉलिस नावाच्या आयरिश डॉक्टरने १८१४ साली, एक्स-रे निघण्याच्या कितीतरी आधी, या मोडण्याचं वर्णन लिहून ठेवलंय. साधारण सहा आठवड्यांत हाड सांधतं. नडगीला तीन-चार महिने सहज लागतात. ही मुदत तेल लावून कमी होत नाही आणि देवाला नारळ फोडूनही होत नाही. पण तेवढे दिवस ती म्हातारी हात झोळीत घालून बसते, कारण घरातलं कुणीतरी "हात अजिबात हलवू नकोस" असं बजावून गेलेलं असतं. प्लास्टर निघतं, मनगट ठीक असतं आणि खांदा मात्र जाम. म्हणून प्लास्टर घातल्या दिवशीच सांग : मूठ वळा, उघडा, कोपर वाकवा, हात डोक्यावर न्या. प्लास्टरच्या बाहेर जे जे राहिलंय ते रोज हललंच पाहिजे.

तरुण पोरगा हातावर पडून आला आणि एक्स-रेत काही दिसलं नाही, तरी त्याचा अंगठा ताणून बघ. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला खळगा पडतो. जुनी माणसं तपकिरीची चिमूट तिथेच ठेवायची. त्या खळग्यात दाबल्यावर तो कळवळला, तर आतलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या फोटोत ते पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टरांना सांग, मनगट बांधून ठेवायला लाव आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला पाठव. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाने येतं. मोड मध्ये पडली की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो आणि तो मरू शकतो. लक्ष गेलं नाही तर पोराचं मनगट जन्माचं दुखतं.

कोपराबद्दल जरा जास्त सांगते, कारण खेड्यात सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. कोपर मोडलं किंवा निखळलं की पहिला विचार मालिशचा. कोमट तेल, जोरकस हात, वर हिसका देऊन कोपर सरळ करणं. कोपराच्या पुढच्या बाजूचा स्नायू अशा वेळी आतून रक्ताळलेला असतो. त्याला रोज चोळत राहिलं, हिसडे दिले, तर तिथे चक्क हाड तयार होऊ लागतं. स्नायूत हाड! मग कोपर ना वाकत ना सरळ होत. कोपराला स्वतःच्या ताकदीने, दुखणार नाही इतकंच हलू द्यायचं. तूही जबरदस्ती करायची नाहीस. आजी आली असेल तर तिला रागावू नकोस. तेल लावायची हौस असेल तर सांग, दुसऱ्या हाताला लावा, पाठीला लावा, हे कोपर सोडून कुठेही लावा.

आणि दुसरं, ज्यात तासांचा हिशेब असतो. चिंचेच्या झाडावरून पडलेलं पोर, कोपराच्या वर हाड मोडलेलं, आणि कुणीतरी कामट्या लावून करकचून बांधलेलं. हाडवैद्यांत चांगला हात असलेले लोक मी पाहिलेत, सगळ्यांना एका मापाने मोजणार नाही. पण बांधणं घट्ट झालं की आत सूज वाढते, रक्त पोचत नाही आणि चार-सहा तासांत पुढच्या हाताचे स्नायू मरू लागतात. मग बोटं आकसतात ती कायमची. ही आकसण फोल्कमन या जर्मन सर्जनने १८८१ साली लिहून ठेवली, तरी ती अजून दिसते. ओळखायचं कसं? पोर प्रमाणाबाहेर रडतं आणि मिटलेली बोटं तू हलकेच सरळ केलीस की किंचाळतं. नाडी लागतेय, बोटं गुलाबी आहेत, एवढ्यावर विसंबू नकोस. नाडी शेवटपर्यंत लागू शकते. बांधलेलं सगळं कातडीपर्यंत सोड, हात फार उंच टांगू नकोस आणि गाडी बोलाव. अशा वेळी कागदपत्रं नंतर.

गुडघ्यांची रांग तुला रोज लागेल. वंगण संपलेलं नसतं. हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिला स्वतःचं रक्त नाही. सांध्यातल्या द्रवातूनच तिचं पोषण होतं, आणि तो द्रव तिच्यात आत-बाहेर व्हायला दाब पडावा लागतो आणि सुटावा लागतो. म्हणजे गुडघा दुखतो म्हणून खाटेवर पडून राहणारा माणूस त्या कूर्चेला उपाशी ठेवतो. दुसऱ्या बाजूने, गुडघ्याला पाणी भरलं की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो. माणूस आळशी नसतो, त्याला तो स्नायू आवळताच येत नाही. दोन्ही मांड्या टेपने मोजून दाखव, वाटीच्या वर दहा-पंधरा सेंटिमीटरवर. फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की व्यायाम करतात. नुसतं सांगून करत नाहीत. सुरुवात खुर्चीवरून हात न लावता उठण्याने. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती नसा शहाण्या झाल्यामुळे, मांडी भरायला दीड-दोन महिने जातात. हे आधीच सांग, नाहीतर पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून निघून जातील. कटकट आवाजाला घाबरू देऊ नकोस. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरने साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही; दोन्ही हात सारखेच निघाले. २००९ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं.

काठी कुठल्या हातात, हे घरोघर चुकतं. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. एका पायावर उभं राहिलं की खुब्याच्या बाहेरचा स्नायू कंबर सावरायला ओढतो आणि त्यामुळे खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. विरुद्ध बाजूच्या हातातली काठी तो भार बराच कमी करते. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी आणि काठी त्याच्यासोबत. माळकरी मंडळी विचारतील, आषाढीला चालू का? एकदम नाही म्हणू नकोस. दिवेघाट चढताना दम लागतो, पण गुडघे बोंब मारतात ते उतारावर, कारण तिथे मांडीचा स्नायू लांबत जाताना भार पेलतो. चैत्रापासून सवय करवून घे, आणि उतारावर गाडीत बसण्याचा सल्ला दे.

मणक्यातल्या गॅपचा कागद घेऊन येणाऱ्याला आधी खुर्ची दे. १९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त लोकांत कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली. तेव्हा कागद बाजूला ठेव, माणसाला वाकून, चालून दाखवायला सांग. मात्र लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लटकं पडलं तर व्यायाम नाही, तातडीने सर्जनकडे.

जाम खांदा आला की साखर तपासलीय का, हे विचार. मधुमेह्यांत तो खूप. बाई म्हणेल अंबाडा घालता येत नाही. अशा खांद्याला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात.

राहिलं तुझं स्वतःचं. दिवसभर अंगठ्याने दाबत बसलीस तर चाळिशीआधीच अंगठ्याचा सांधा जाईल. कोपर वापर, तळहाताची टाच वापर. पेशंट उचलायचा नाही, सरकवायचा, आणि नातेवाईकांना हात लावायला सांगायचं. उपचाराचं टेबल वर-खाली होणारं नसेल, तर पहिल्याच आठवड्यात साहेबांकडे लेखी मागणी टाक आणि मंजूर होईपर्यंत पायांखाली विटा लावून घे.