कर्ज फिटेनासे झाले तर कोर्टाचा ‘रिसीव्हर’ काय करतो?



ठेक्याची रक्कम, मत्स्यबीज, जाळी, डोंगा, सगळ्यासाठी आपण उचल करतो. एखाद्या वर्षी तलाव लवकर आटतो किंवा पुरात मासोळी निघून जाते, आणि कर्ज अंगावर राहते. मग गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, “दिवाळं काढ, सगळं माफ होते.” दुसरा म्हणतो, “कोर्टाचा माणूस येऊन घरची भांडीसुद्धा नेते.” दोन्ही खरे नाही. म्हणून आजच्या पाठात आपण एकाच माणसाचे काम समजून घेऊ. तो म्हणजे नादार माणसाची मालमत्ता सांभाळणारा विश्वस्त. आपल्याकडच्या कायद्यात त्याला ‘रिसीव्हर’ म्हणतात.

कोणता कायदा लागतो?

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या भागातल्या साध्या माणसाला प्रांतीय नादारी कायदा, १९२० लागतो. मध्य प्रदेशात कोर्टाची कागदपत्रे हिंदीत असतात, त्यामुळे तिथे ‘दिवाला’ आणि ‘रिसीवर’ हे शब्द दिसतील. अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा सरकारने अधिकार दिलेल्या खालच्या कोर्टात होतो. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. तिथे हेच काम हायकोर्टाचा ‘ऑफिशियल असाइनी’ पाहतो.

२०१६ चा नवा दिवाळखोरी कायदाही आहे, आणि त्यात ‘विश्वस्त’ हाच शब्द आहे. पण माणसांच्या दिवाळखोरीचा त्यातला भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता चालू झाला. आपली सहकारी संस्था म्हणजे कंपनी नव्हे. त्यामुळे ‘नव्या कायद्यात छोटे कर्ज लगेच माफ होते’ असे सांगून कोणी फॉर्मचे पैसे मागत असेल, तर देऊ नका.

रिसीव्हर कोणाचा माणूस?

तो सावकाराचा नाही, बँकेचा नाही आणि आपलाही नाही. कोर्ट त्याला नेमते आणि त्याचा मेहनतानाही कोर्टच ठरवते. कोर्टाने एखाद्याला नादार ठरवले की त्याची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. सुटकेचा हुकूम होण्याआधी नवी मालमत्ता मिळाली, तर तीही त्याच खात्यात धरली जाते.

याचा फायदा असा की घेणेकऱ्यांची पळापळ थांबते. कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांना त्या कर्जासाठी वेगळा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षण पाहिजे असेल तर ते कोर्टाकडे वेगळे मागावे लागते.

त्याची कामे कोणती?

१. मालमत्ता ताब्यात घेणे आणि विकणे.
२. आपले कोणाकडे येणे असेल तर ते वसूल करणे. व्यापाऱ्याकडे मासोळीचे पैसे अडकले असतील तर तेही यात आले.
३. कोर्टाच्या परवानगीने दावा लावणे, तडजोड करणे किंवा धंदा काही दिवस चालू ठेवणे.
४. जमलेला पैसा घेणेकऱ्यांमध्ये हिश्शाने वाटणे.
५. काही उरले तर ते नादार माणसाला परत देणे.

एक हिशेब पाहू. समजा एका भाऊवर तारण नसलेले दोन लाखांचे कर्ज आहे: सावकाराचे ८०,०००, बीजवाल्याचे ६०,०००, संस्थेचे ४०,००० आणि नातेवाइकाचे २०,०००. मालमत्ता विकून ६०,००० आले. खर्च आणि सरकारी देण्यात १०,००० गेले, कारण ते आधी द्यावे लागते. उरले ५०,०००, म्हणजे रुपयाला चार आणे. मग सावकाराला २०,०००, बीजवाल्याला १५,०००, संस्थेला १०,००० आणि नातेवाइकाला ५,००० मिळतील. जो दारात येऊन जास्त ओरडतो त्याला जास्त, असे इथे चालत नाही.

पण डोंगा किंवा इंजिन बँकेकडे तारण असेल, तर त्या वस्तूवर बँकेचा हक्क कायम राहतो. बँक आपला पैसा त्यातून वसूल करू शकते.

घरातले काय सुटते?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जे जप्त होत नाही, ते रिसीव्हरलाही नेता येत नाही. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची अवजारे त्यात येतात. मासेमाराचे जाळे अवजारात धरायचे की नाही, हे कोर्ट ठरवते. म्हणून “हे माझ्या पोटापाण्याचे साधन आहे, सोडावे” असे अर्जातच लिहून मागा. न मागता सुटेल या भरवशावर राहू नका.

कलम ६६ ही लक्षात ठेवा. कुटुंबाच्या पोटापुरती रक्कम मालमत्तेतून देण्याचा हुकूम कोर्ट करू शकते. घेणेकऱ्यांच्या भल्यासाठी धंदा चालवायला त्याच माणसाला नेमूही शकते. हे सुद्धा मागावे लागते.

सगळ्यात मोठी चूक: नावावर करून देणे

अडचण आली की “डोंगा भावाच्या नावावर कर, प्लॉट बायकोच्या नावावर कर” असा सल्ला मिळतो. इथेच माणूस फसतो. मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत आलेल्या अर्जावर नादारी ठरली, तर रिसीव्हर तो व्यवहार रद्द करायला लावू शकतो. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच घेणेकऱ्याला जाणूनबुजून झुकते माप दिले असेल, तर तेही उलटवता येते. खऱ्या किमतीला, सरळ मनाने घेणाऱ्याला संरक्षण असते. लपवाछपवी सिद्ध झाली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जो कायदा वाचवणार होता, तोच अंगावर येतो.

म्हणून अर्जात प्रत्येक घेणेकरी लिहा. आपल्या संस्थेची उचल असेल तर तीही लिहा. संस्थेला वाईट वाटेल म्हणून गाळू नका.

सुटका कशी होते?

नादार ठरवताना कोर्ट मुदत देते आणि त्या मुदतीत सुटकेचा अर्ज करायचा असतो. तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो, आणि घेणेकरी पुन्हा दारात उभे राहतात.

मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर “हे माझ्या दोषाने झाले नाही” असे कोर्टाला पटवावे लागते. वरच्या हिशेबातला भाऊ चार आण्यांवरच होता. त्याला कामी येतील पुराचा पंचनामा, मासोळी मेल्याचे फोटो, बीजखरेदीच्या पावत्या आणि संस्थेचे विक्रीचे रजिस्टर. म्हणून आपण पावती जपायला इतके सांगतो.

सुटका झाली तरी सरकारी देणे, फसवणुकीचे कर्ज आणि पोटगी सुटत नाही. आणि जामीनदार मोकळा होत नाही. हे वाक्य घरी सगळ्यांना वाचून दाखवा. एकाने नादारी घेतली तरी त्याच्यासाठी सही केलेला शेजारी त्या कर्जाला बांधलेलाच राहतो. नादार असेपर्यंत नगर परिषद, पंचायत यांच्या पदावर निवडून येण्यालाही अडथळा असतो.

रिसीव्हरने चूक केली तर?

डोंगा पाण्याच्या भावात विकला, येणे वसूल केले नाही, असे वाटले तर कलम ६८ प्रमाणे कोर्टात दाद मागता येते. मुदत फक्त २१ दिवसांची आहे. बसून राहू नका.

आज करायचे काम

एका वहीत दोन पाने आखा: देणे आणि येणे. नाव, रक्कम, तारीख, तारण आणि जामीनदार लिहा. आधी बँकेशी, सावकाराशी हप्ते बांधून घेण्याचे बोला, कारण नादारी हा शेवटचा रस्ता आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या नंबरवर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

कर्ज होणे ही लाजेची गोष्ट नाही. ज्या घरात ही अडचण आहे, त्यांच्यापर्यंत हा पाठ पोचवा, आणि जामिनावर सही करण्याआधी स्वतःही एकदा परत वाचा.