रोजचा इशारा वेळेवर यायचा तर: पायथन आणि क्रॉनचा छोटा धडा

घरात कोणी पायथन शिकत असेल तर त्याला हा धडा जरूर दाखवा. आपल्याला रोज पहाटे ४.३० वाजता टेलिग्राम ग्रुपवर एक मेसेज आपोआप पाठवायचा आहे: "होडी काढण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा."

१) "२४ तास थांब" नको
नवशिके बहुधा असे लिहितात: मेसेज पाठव, २४ तास थांब, पुन्हा पाठव. पाठवायला २० सेकंद लागले तर तेवढा उशीर रोज साठतो, महिन्याला १० मिनिटे होतात. आणि वीज जाऊन संगणक सकाळी ९ वाजता चालू झाला, की पुढे रोज ९ वाजताच मेसेज! तोवर होड्या कधीच दर्यात गेलेल्या असतात.

२) वेळ क्रॉनकडे सोपवा
पायथनने फक्त एकदा मेसेज पाठवून थांबायचे. रोज वेळेवर उठवायचे काम लिनक्समधला क्रॉन करतो. त्याची ओळ अशी:

३० ४ * * *

डावीकडून मिनिट, तास, तारीख, महिना, वार. चांदणी म्हणजे "प्रत्येक". त्यापुढे स्क्रिप्ट चालवायची आज्ञा लिहायची. संगणकावर आकडे मात्र इंग्रजीतच टाइप करा.

३) घड्याळ कुठले ते बघा
भाड्याचा सर्व्हर बहुतेकदा यूटीसी वेळेवर चालतो. आपण त्याच्या ५ तास ३० मिनिटे पुढे. वरची ओळ तिथे तशीच टाकली तर मेसेज येईल सकाळी १० वाजता. तिथे "० २३ * * *" लिहा. तिथले रात्रीचे ११ म्हणजे आपली पहाटेची ४.३०.

४) भरतीसाठी ही ओळ चालत नाही
भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते. त्यामुळे भरती-सुकतीचा मेसेज ठरलेल्या वेळेला बांधू नका. स्क्रिप्टने त्या दिवसाचा भरतीचा तक्ता वाचून वेळ ठरवायला हवी.

५) सगळ्यात महत्त्वाचे
संगणक बंद असताना चुकलेला मेसेज साधा क्रॉन मागाहून पाठवत नाही. नेट नसेल तरीही मेसेज पोचणार नाही. म्हणून प्रत्येक मेसेजात त्या दिवसाची तारीख घाला, म्हणजे कालचा मेसेज कोणी आजचा समजणार नाही. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: मेसेज आला नाही म्हणजे दर्या शांत, असे नव्हे. अशा दिवशी हवामान खात्याचा इशारा स्वतः उघडून बघायचा, मगच होडी पाण्यात लोटायची.