कोंबडीच्या पायाचे दुखणे

खेड्यात बहुतेक घरांच्या दारात चार कोंबड्या असतात. शेत कोणाच्याही नावावर असो, कोंबड्या मात्र बहुधा घरच्या बाईच्या असतात. अंडी विकून चार पैसे येतात. त्यातून मीठ-मिरची येते, मुलाची वही येते, एसटीचे भाडे निघते. हे पैसे कोणापुढे हात पसरून मागावे लागत नाहीत. म्हणून अंड्यावरची कोंबडी लंगडू लागली की बाईच्या जिवाला घोर लागतो.

अशा वेळी घरात दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "कापून खाऊन टाका." दुसरा म्हणतो, "आणा ब्लेड, फोड फोडून टाकू." दोन्ही सल्ले घाईचे आहेत. आजारी कोंबडी खाणे बरे नव्हे, आणि घरच्या ब्लेडने फोड कापणे त्याहून वाईट. दुखणे लवकर ओळखले तर पुष्कळदा घरच्या घरी बरे होते. ते कसे, हे या पाठात पाहू.

दुखणे कशामुळे होते?

कोंबडी दिवसभर अनवाणी हिंडते. उकिरडा उकरते, काट्याकुट्यांत शिरते. तळव्याला बाभळीचा काटा बोचतो, काच लागते, बांबूची कुसळ घुसते. जखम मोहरीएवढी असते. पण त्या वाटेने जंतू आत शिरतात. तळवा सुजतो, आत पू होतो. जखमेच्या तोंडावर काळी, कडक खपली धरते. या दुखण्याला जनावरांचे डॉक्टर 'बंबलफूट' म्हणतात.

हे जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस नावाचे असतात. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले तर हे जंतू द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घोसाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. याच जातीचे जंतू माणसाच्या अंगावरही गळवे आणतात. म्हणून कोंबडीचा पाय हाताळताना आपलेही हात सांभाळावे लागतात.

जड कोंबडीला हा त्रास जास्त होतो. सगळे वजन दोन लहान तळव्यांवर येते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज आणि हैदराबादच्या सरकारी संस्थेने तयार केलेली वनराज या जातींच्या कोंबड्या आता पुष्कळ ठिकाणी पाळतात. त्या गावठी कोंबडीपेक्षा अंगाने जड असतात. त्यांचे पाय अधिक जपले पाहिजेत.

ओळखावे कसे?

आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडीचे तळवे पाहावेत. हे काम रात्री करावे. कोंबडी अंधारात शांत असते, पळापळ करावी लागत नाही. तळवा लाल, गरम किंवा फुगलेला वाटला तर दुखणे सुरू झाले. काळी खपली दिसली तर ते आत उतरले. बोटे व घोटा सुजला, कोंबडी एका जागी बसून राहिली, दाणा टिपेनाशी झाली, तर दुखणे फार पुढे गेले असे समजावे.

प्रत्येक लंगडणे म्हणजे हेच दुखणे असे नाही. कधी पायात दोरा किंवा केस गुंतून काचतो. तो जपून कापून काढला की काम होते. कधी नडगीवरची खवले उचलतात आणि पाय खरबरीत दिसतो. ते काम खवल्यांखाली शिरणाऱ्या बारीक किड्यांचे असते. तेव्हा पाय धुऊन, कोरडे करून खवल्यांवर खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावे, आणि पाय साफ दिसेपर्यंत काही आठवडे ते चालू ठेवावे. मात्र एक पाय पुढे व एक पाय मागे ताणून कोंबडी पडून राहिली, किंवा एकदम पुष्कळ कोंबड्या लुळ्या पडल्या, तर तो निराळा आजार असतो. त्याला घरचा उपाय नाही. डॉक्टरांना बोलवावे.

घरचा उपाय

१. लंगडी कोंबडी वेगळी ठेवा. डालग्याखाली कोरडे, मऊ गवत पसरा. दाणापाणी जवळ ठेवा.

२. पाणी उकळून कोमट करा. एक लिटर पाण्याला दोन लहान चमचे मीठ घाला. पाण्यात आपले कोपर बुडवून पाहा. तान्ह्या बाळाच्या अंघोळीइतके कोमट असावे.

३. हातांवर प्लास्टिकच्या स्वच्छ पिशव्या चढवा. कोंबडीला फडक्यात गुंडाळून मांडीवर उभी धरा. डोके झाका, म्हणजे ती शांत राहील. पण छाती आवळू नका. माणसाच्या पोटात श्वासाला मदत करणारा पडदा असतो, तसा कोंबडीला नसतो. तिची छाती हलली तरच तिला श्वास घेता येतो. घट्ट दाबून धरली तर ती गुदमरून मरेल.

४. दहा मिनिटे पाय पाण्यात बुडवून ठेवा. घाण मऊ झाली की साबणाने हलकेच धुवा. वर काटा दिसत असेल तर उकळलेल्या चिमट्याने काढा. खोल असेल तर उकरू नका.

५. स्वच्छ फडक्याने पाय कोरडा करा. औषधांच्या दुकानात पोव्हिडोन आयोडीन नावाचे तांबूस औषध मिळते. ते उकळून गार केलेल्या पाण्यात, कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत मिसळा आणि तळव्याला लावा.

६. जुने सुती लुगडे किंवा धोतर उकळून उन्हात वाळवा. त्याची चौकोनी घडी तळव्यावर ठेवा. वरून पट्टी बोटांमधून घेऊन बांधा. पट्टी सुटू नये, पण आवळूही नये. तासाभराने बोटे पाहा. थंड किंवा सुजलेली वाटली तर पट्टी सैल करा.

७. रोज पट्टी बदला. पट्टी भिजली तर लगेच बदला. काढलेली पट्टी जाळून टाका. भांडे उकळत्या पाण्याने धुवा. ते स्वयंपाकाला वापरू नका. आपले हात साबणाने धुवा.

खपली नसेल, नुसती सूज असेल, तर तीन-चार दिवसांत फरक दिसू लागतो. मग तळवा पूर्ववत होईपर्यंत उपाय चालू ठेवावा.

काय करू नये?

फोड दाबू नये, कापू नये. याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. माणसाच्या गळवातला पू पातळ असतो, फोडला की वाहून जातो. कोंबडीचा पू तसा नसतो. तो वाळलेल्या खव्यासारखा घट्ट असतो. कितीही दाबले तरी तो बाहेर येत नाही, उलट घाण आणखी आत जाते. तळव्यात शिरा व रक्तवाहिन्या असतात. ब्लेड चुकले तर कोंबडी रक्त जाऊन मरते, नाहीतर जन्माची लंगडी होते. तो पू काढणे हे डॉक्टरांचे काम आहे.

जखमेवर रॉकेल, चुना किंवा शेण लावू नये. हळद पुष्कळजण लावतात. पण आत पू असेल तर वर लावलेली हळद तिथवर पोचत नाही. बधिर करणारे औषध घातलेले मलमही लावू नये. ते पक्ष्याला बाधू शकते.

घरात माणसांच्या उरलेल्या गोळ्या असतात, त्या कोंबडीला चारू नयेत. यामागे एक इतिहास आहे. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा शोध लावला. तेव्हा त्यांच्या बशीत वाढत होते ते हेच स्टॅफिलोकॉकस जंतू. बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले. पुढे या औषधाने लाखो माणसे वाचली. पण औषध जिथे तिथे, अर्धेमुर्धे वापरले गेले. काही जंतू त्याला पुरून उरले आणि त्यांचीच प्रजा वाढली. आज यांतल्या पुष्कळ जंतूंवर साधे पेनिसिलिन चालत नाही. आपण अंदाजाने गोळी दिली तर असे निबर जंतू आपल्याच अंगणात वाढतील. म्हणून गोळी किंवा सुई डॉक्टरांनी सांगितली तरच द्यावी. त्यांना हेही विचारावे की, "किती दिवस अंडी खायची नाहीत?" औषधाचा अंश अंड्यात उतरतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चार दिवसांत उतार पडला नाही, काळी खपली मोठी असली, सूज वर चढली किंवा कोंबडीने दाणा सोडला, तर जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा सरकारी फोन क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत. "एका कोंबडीसाठी कशाला जायचं?" असे म्हणू नये. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसा पट्टीखाली झाकलेला पू आपोआप जात नाही.

मूळ शोधा

आमच्या गावाजवळच्या वस्तीवर एक बाई आहेत. त्यांच्याकडे पाच गिरिराज कोंबड्या होत्या. त्यांतल्या दोन पुन्हा पुन्हा लंगडत. बाई म्हणाल्या, "गुरुजी, रोज पाय धुते, पट्टी बांधते. चार दिस बरी ऱ्हाती, पुन्हा लंगडती. माझ्या हातालाच यश नाही."

आम्ही म्हणालो, "बाई, तुमच्या हाताला यश आहे. कोंबड्या रात्री बसतात कोठे, ते दाखवा."

त्यांनी गोठा दाखवला. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक चिरलेला बांबू बांधला होता. त्याची धार सुरीसारखी होती. खाली शहाबादी फरशी. पहाट झाली की त्या जड कोंबड्या धारेवरून उठून फरशीवर धप्पदिशी उड्या टाकत. औषध रात्री लागे आणि मार सकाळी बसे.

बाईंच्या मुलाने त्याच दिवशी बांबू काढला. त्या जागी दोन इंच जाडीचे, कडा घासून गोल केलेले लाकूड दीड फुटावर बसवले. फरशीवर भाताचे तूस पसरले. मग मात्र बांधलेल्या पट्टीचा गुण आला. काही आठवड्यांनी दोन्ही कोंबड्या नीट चालू लागल्या.

तेव्हा पाय बरा करायचा तर खुराडेही बरे करावे. बसण्याचे लाकूड बुटके आणि गुळगुळीत असावे. खाली दोन-तीन इंच तूस किंवा लाकडाचा भुसा असावा. ओला झालेला भाग रोज काढून टाकावा, कारण ओल्या विष्ठेत तळव्याची कातडी मऊ पडून फाटते. अंगणातील काटे, काचा, तारांचे तुकडे वेचावेत. दाण्याबरोबर हिरवा पाला द्यावा, त्याने कातडी निरोगी राहते.

काट्याचा नायटा होतो, असे आपली जुनी माणसे सांगत. कोंबडीच्या पायाला ही म्हण अगदी लागू पडते. काटा आहे तोवर काम दहा मिनिटांचे, नायटा झाल्यावर कोंबडीच जाण्याची भीती. आज रात्री कोंबड्या बसल्या की दिवा घेऊन त्यांचे तळवे पाहा.

सांगा पाहू

१. कोंबडीचे तळवे रात्री का पाहावेत?
२. कोंबडीला धरताना छाती का आवळू नये?
३. कोंबडीचा फोड दाबून पू का निघत नाही?
४. उरलेल्या गोळ्या कोंबडीला का देऊ नयेत?
५. वस्तीवरच्या बाईंच्या कोंबड्या पुन्हा पुन्हा का लंगडत होत्या?

करून पाहा

आपल्या खुराड्यातील बसण्याच्या लाकडावरून हात फिरवा. ते हाताला बोचते का? जमिनीपासून किती उंच आहे? मोजून वहीत लिहा.