मिडी गिटार : उशिरा उमटणारा, बेसूर होणारा स्वर

प्रश्न : मिडी गिटारवर छेडलेला स्वर संगणकात उशिरा वाजतो आणि तार ओढली की बेसूर होतो. दोष कशात शोधावा?

उत्तर : उशीर दोन ठिकाणी होतो. पहिला खुद्द गिटारमध्ये. स्वर ओळखायला पिकअपला तारेचे किमान एक पूर्ण कंपन हवे, व्यवहारात त्याहून जास्तच. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते. म्हणजे एका कंपनालाच 12 मिलिसेकंद जातात. सर्वांत बारीक तारेला जेमतेम 3. हा फरक कोणत्याही सेटिंगने मिटत नाही. बेसचे सूर वरच्या तारांवर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये एक सप्तक खाली उतरवणे, हाच त्यावरचा जुना तोडगा. दुसरा उशीर संगणकातल्या ऑडिओ बफरचा. 44.1 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पलचा बफर 23 मिलिसेकंद खातो, 128 चा फक्त 3. विंडोजवर एसिओ ड्रायव्हर निवडून बफर घटवावा. आवाज तडतडू लागला तर एक पायरी मागे यावे.

बेसूरपणाचे कारण बहुधा पिच बेंडच्या मर्यादेत असते. गिटार 12 अर्धस्वरांच्या हिशेबाने संदेश पाठवते आणि सिंथ नेहमीप्रमाणे 2 वर असतो. मग दोन अर्धस्वर ओढलेली तार एक तृतीयांश अर्धस्वरच चढते. दोन्हीकडे एकच आकडा ठेवावा. शिवाय मोनो मोडमध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र चॅनल द्यावा आणि ट्रॅकनेही सहा चॅनल वेगळे राखावेत, नाहीतर एक तार ओढताच सगळा कॉर्ड सरकतो.

न छेडलेले सूर उमटत असतील तर त्या तारेची संवेदनशीलता कमी करावी.