गुप्त साम्राज्याचा ऱ्हास : एक कारणमीमांसा

गुप्त साम्राज्य का लयास गेले, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी बहुधा एका वाक्यात देतात : 'हूणांच्या स्वाऱ्यांमुळे.' हे उत्तर चूक नव्हे. परंतु ते अपुरे आहे. स्कंदगुप्ताने (इ. स. ४५५–४६७) याच हूणांना परतवून लावले होते. मग एकदा हटलेला शत्रू पुढील पन्नास वर्षांत माळव्यापर्यंत कसा येऊन पोहोचला? या प्रश्नाचा विचार केला म्हणजे ऱ्हासाची खरी कारणे दिसू लागतात.

पहिले कारण राज्याच्या घडणीतच होते. प्रयागच्या स्तंभलेखावरून असे दिसते की, समुद्रगुप्ताने दक्षिणापथातील राजांना जिंकले व त्यांची राज्ये त्यांना परत दिली. साम्राज्याचा बराच भाग अशा मांडलिकांच्या निष्ठेवर उभा होता. सम्राट समर्थ असेतो ही व्यवस्था स्वस्त आणि सोयीची ठरली. तो दुर्बल होताच तीच घातक झाली.

याचा बोलका पुरावा सागर जिल्ह्यातील एरण येथे आहे. इ. स. ४८४ मध्ये मातृविष्णू व धन्यविष्णू या बंधूंनी तेथे ध्वजस्तंभ उभारला व त्यावर सम्राट म्हणून बुधगुप्ताचे नाव कोरविले. पुढे मातृविष्णू वारला. धन्यविष्णूने त्याच गावी भव्य वराहमूर्ती स्थापिली, तेव्हा लेखात नाव आले ते हूण राजा तोरमाणाचे! गाव तेच, घराणे तेच. स्वामी मात्र बदलला. सर्वच मांडलिक असे वागले, असे मात्र नव्हे. एरणच्याच इ. स. ५१० च्या लेखात भानुगुप्ताच्या बाजूने लढताना पडलेल्या गोपराजाची व त्याच्यामागे सती गेलेल्या पत्नीची हकीकत आहे.

दुसरे कारण आर्थिक. स्कंदगुप्ताच्या काळापासून सुवर्णनाण्यांचे वजन वाढले. पण त्यांतील शुद्ध सोन्याचे प्रमाण घटत गेले. युद्धाच्या खर्चाने खजिना रिता होत चालल्याची ही खूण मानतात. त्यातच सुराष्ट्र हातचे गेले. गिरनारजवळील सुदर्शन तलावाचा बांध फुटला असता तो स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा बांधून काढला होता. त्याच प्रांतात वलभीच्या मैत्रक घराण्यातील पहिले दोन पुरुष स्वतःला केवळ 'सेनापती' म्हणवीत. तिसऱ्या द्रोणसिंहाच्या नावामागे 'महाराज' ही पदवी आली. पश्चिम किनाऱ्याचा व्यापार व त्याची जकात अशा रीतीने दुरावली.

तिसरे कारण राजघराण्यातील दुही. भितरी येथे सापडलेल्या राजमुद्रेवरील वंशावळीत स्कंदगुप्ताचे नावच नाही. ती त्याचा भाऊ पुरुगुप्त याच्या शाखेतून पुढे जाते. यावरून वारसाहक्काचा कलह झाला असावा, असा तर्क करतात. सोयरेही बदलले. चंद्रगुप्त दुसरा याची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भाच्या वाकाटकांकडे दिली होती. पण पुढे त्याच कुळातील नरेंद्रसेनाची आज्ञा माळव्याचा अधिपती मानीत असे, असे वाकाटकांच्या ताम्रपटात म्हटले आहे.

अशा पोखरलेल्या राज्यावर हूणांचा दुसरा आघात झाला. तोरमाणाचा पुत्र मिहिरकुल याच्या राज्याच्या पंधराव्या वर्षीचा शिलालेख ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सापडला आहे. या मिहिरकुलाला नमविल्याचा अभिमान मंदसोरजवळील सोंदणीच्या स्तंभांवर यशोधर्म्याने कोरविला. जे प्रदेश गुप्तांनाही लाभले नव्हते ते आपण भोगले, असेही तो सांगतो. हूण हटले, परंतु त्या विजयाचे श्रेय घेणारा पुरुष गुप्तकुळातील नव्हता. आपल्या रक्षणासाठी लोकांनी सम्राटाकडे पाहण्याचे दिवस सरले होते.

गुप्तांचे नाव मात्र लगेच पुसले गेले नाही. बंगालमधील दामोदरपूरच्या ताम्रपटावरून इ. स. ५४३ च्या सुमारास तेथे त्यांची सत्ता मानली जात होती, असे दिसते. म्हणजे साम्राज्य एका लढाईत पडले नाही. एकेका प्रांताची निष्ठा सुटत गेली.

विद्यार्थिमित्रांनो, परकीय आक्रमण हे ऱ्हासाचे निमित्त होय. निष्ठा, खजिना आणि घरातील ऐक्य यांचा क्षय हे त्याचे मूळ होय. एरण, ग्वाल्हेर आणि मंदसोर ही स्थळे माळवा व त्याच्या आसपासच्या मुलखातीलच आहेत. सहलीस जाल तेव्हा तेथील शिळांपुढे क्षणभर थांबा आणि त्यांवर कोणाचे नाव आहे, एवढे अवश्य विचारा.