मुंबई ते दुबई

लालबाग-परळची बरीच माणसे नोकरीसाठी दुबईला जातात. दुबई किती लांब? सुमारे १९०० किलोमीटर. मध्ये अरबी समुद्र. पूर्वी बोटीला कित्येक दिवस लागत. विमानाला सुमारे तीन तास लागतात.

आता आपण तिकीट वाचू या. मुंबईहून निघाले सकाळी १० वाजता. दुबईला पोचले ११॥ वाजता. मग दीडच तास लागला का? नाही. दुबई पश्चिमेला आहे. तिथे सूर्य उशिरा उगवतो. म्हणून तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात. ११॥ मध्ये दीड तास मिळवू. दुपारचा १ झाला. १० ते १, तीन तास.

परतताना मुंबईला पोचायची वेळ मुंबईचीच असते. तिच्यात काही मिळवायचे नाही. मिळवले, तर आपले माणूस विमानतळावर वाट पाहत बसेल!